कटाच्या आमटीचा किस्सा

दिल्लीत आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत मराठी घरं नऊ. होळीला सगळी गच्चीवर जमतात आणि पुरणपोळ्या संपल्या की मला फर्माईश होते. ऑफिसात माझं कोणी फारसं ऐकत नाही, पण गच्चीवर किस्सेवाला म्हणून माझा दबदबा. माल बहुतेक बायकोचा.

आमटीचा किस्सा तर सगळ्यांना पाठ. तिनं कटाच्या आमटीत गूळ घातला, फोन घ्यायला गेली, परत येऊन पुन्हा घातला. "आमच्याकडे आमटी नसते, पाक असतो," मी म्हणायचो, "जिलब्या आपापल्या आणा!" मग मेट्रोचा. शेजारीण डब्यात गप्पा मारत होती, तेवढ्यात आमचं स्टेशन गेलं आणि ही पोचली नोएडाला. मग सरोजिनी नगरच्या बाजारातला. मे महिन्यात हिला 'कुर्ता' हा शब्द आठवेना. "भैया, वो... ऊपर पहनने का," म्हणाली, तर दुकानदारानं स्वेटर काढून दाखवले.

ही तीच बाई, जिला तिच्या ऑफिसात सेक्शनमधल्या फायलींचे नंबर तोंडपाठ असायचे. मी खापर फोडलं उन्हाळ्यावर. मग वयावर.

यंदा जानेवारीत तिच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं. दिल्लीचा जानेवारी असल्यामुळे मला त्यावरही विनोद सुचला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे धाडलं. एमआरआयवर पांढरे ठिपके होते. मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या नसांवरचं आवरण शरीर स्वतःच कुरतडतं, म्हणून निरोप उशिरा पोचतात, काही वाटेतच हरवतात, एवढं मला कळलं.

"भूलना कब से शुरू हुआ?" डॉक्टरबाईंनी तिला विचारलं.

ती आठवू लागली. तिला वेळ लागत होता, आणि समोर श्रोता असताना मला शांतता सोसत नाही. मी सुरू झालो. आमटी, मेट्रो, स्वेटर, सगळं सालासकट, अभिनयासकट. बाई हसल्या नाहीत. लिहीत राहिल्या. मधूनमधून "और?" म्हणायच्या. इतका मन लावून ऐकणारा श्रोता मला कधी मिळाला नव्हता. मी आणखी दोन सांगितले.

मग त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. माझेच किस्से, माझ्याच क्रमानं, फक्त हशाच्या जागा गाळलेल्या. "यानी चार साल," त्या म्हणाल्या. आधी आलो असतो तर औषध आधी सुरू झालं असतं. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. आहे ते जपायचं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इन्हें बोलने दीजिए. देर लगेगी, पर बोलेंगी."

टॅक्सीत बायको म्हणाली, "अहो, त्या हसल्या नाहीत म्हणून वाईट वाटलं का?"

मी ड्रायव्हरला पुढचं वळण सांगितलं.

होळी आली. आमटी मी केली होती. मीठ विसरलो आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. जेवणं झाल्यावर वरच्या मजल्यावरचे शेजारी ओरडले, "चलो, आमटीचा होऊन जाऊ दे यार!"

मी नको म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आज मी सांगते."

टाळ्या पडल्या. "मी आमटी करत होते," ती म्हणाली. "त्यात मी... ते..." आणि थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शब्द माझ्या ओठांवर होता. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तसाच धरून बसलो. कुणीतरी खोकलं. खाली गेटवर हॉर्न वाजला.

"गूळ," ती म्हणाली. "दोनदा घातला. पहिल्यांदा घातल्याचं आठवतच नव्हतं. मी घाबरले. गॅस बंद केला आणि ह्यांना सांगायला बाहेर गेले, मला काहीतरी होतंय म्हणून. ह्यांनी चव घेतली आणि इतके हसले, की मग मीपण हसले."

कोणी हसलं नाही. चार वर्षं मी हा किस्सा सांगत होतो. त्यात ती मला सांगायला स्वयंपाकघरातून बाहेर कधी आलीच नव्हती.