डच पंडित आणि बाबांची पुस्तकं

आई गेल्यावर मी बाबांना पुण्याहून इकडे आखातात, अल बर्शाला आणलं. घर रिकामं करायला हातात चारच दिवस होते. बाबांनी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवलेला. त्यांची तीन कपाटं भरून पुस्तकं मी त्यांच्या अपरोक्ष नेहमीच्या रद्दीवाल्याला देऊन टाकली. खलास! त्यांना सांगितलं, कार्गोने येतायत. मग म्हटलं, कस्टम्समध्ये अडकलीत. थापा मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

त्यांचं मन रमावं म्हणून एका सुट्टीला अबुधाबीच्या म्युझियममध्ये नेलं. पाय ओढत चालले होते, ते एका चित्रापुढे थबकले. अठराव्या शतकातला कोणी डच पंडित, अंगात रेशमी झगा, डोक्यावर पांढरा विग, पुढ्यात उघडा ग्रंथ. बाबा ते पान वाचायला इतके वाकले की गार्ड धावत आला. "अंकल, पीछे, पीछे!"

"आजोबा, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग," माझी लेक म्हणाली. मीही खेकसलेच.

"अक्षरं नाहीत गं," बाबा म्हणाले. "नुसते फराटे मारलेत." तरी निघताना त्यांनी दुकानातून त्या चित्राचं कार्ड घ्यायला लावलं.

पुढच्याच आठवड्यात दसरा आला. आमच्याकडे पाटावर पुस्तकं मांडून सरस्वतीची पूजा करतात. मी पाट मांडला आणि घरभर शोधलं, पण एक पुस्तक मिळेल तर शपथ! लेकीचा सगळा अभ्यास टॅबवर. शेवटी तो टॅबच पुसला आणि पाटावर ठेवला.

"यल्ला बाबा, या लवकर. ऑफिसला उशीर होतोय."

बाबा आले. पाटाकडे बघितलं. आतून ते कार्ड आणलं, टॅबशेजारी ठेवलं, पंडिताच्या ग्रंथावर झेंडूची पाकळी वाहिली आणि हात जोडले.

"अहो, हे काय? येतील ना आपली पुस्तकं," मी सवयीनं बोलून गेले.

"रद्दीवाल्याचा फोन आला होता मला," बाबा शांतपणे म्हणाले. "आपण इथे आलो त्याच आठवड्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्या टिपणांच्या वह्या निघाल्या म्हणे त्यात. ठेवू का, विचारत होता बिचारा."

"मग?"

"नको म्हटलं. माझ्या लेकीनं दिल्यात, तर बघूनच दिल्या असतील."

मी एकही उघडून बघितली नव्हती.