काळ्या केसांखालचा चेहरा

ओरेस्ट ह्नात्युक एकदा बोलला की बोलला. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या आमच्या माळावर वाराही दिशा बदलतो, पण ओरेस्ट? नाव नको! सत्तरी उलटली, गुडघे बोलायला लागले, तरी मेंढरांमागे तोच, आणि त्याच्यामागे काळीकुळकुळीत कुत्री. एखाद्या पिलाच्या छातीवर पांढरा केस दिसला की ते गेलंच दुसऱ्याच्या घरी.

त्याला कारणही तसंच होतं. पाच वर्षांचा असताना तो बर्फाच्या वादळात घर आणि गोठा यांच्या मधेच चुकला. बापाच्या वोवचिक कुत्र्यानं त्याला हुडकलं आणि माणसं येईपर्यंत त्याच्या अंगावर पसरून राहिला. पोर वाचलं. वोवचिक त्या थंडीनं जो खचला तो पुन्हा उठला नाही. फोटो कुणी काढलेला नव्हता, आणि बापानं त्या कुत्र्याचा विषय पुन्हा काढला नाही. ओरेस्टला आठवायचं ते एवढंच: अंगावर काहीतरी काळं आणि ऊबदार. म्हणून वोवचिकच्या वंशात काळाच रंग राखायचा, हे त्यानं जन्मभराचं व्रत करून टाकलं. दर नाताळला बोर्श्चचं, म्हणजे बीटचं, सूप भुरकता भुरकता तो ही गोष्ट सांगे आणि शेजारीण स्तेफका त्याच त्या जागी डोळे पुसे.

स्तेफका त्याच्या लेकीची धर्ममाता, म्हणून तो तिला ‘कुमा’ म्हणायचा आणि ती त्याला ‘कुम’. नवरा गेल्यापासून तिला सोबत होती ती बुब्लिकची. लांब कानांचा, काळ्या-तांबूस रंगाचा म्हातारा कुत्रा, दोन्ही डोळ्यांवर भुवयांसारखे तांबूस ठिपके.

आणि या वर्षी ओरेस्टची काळी चोर्ना व्याली तर दोन पिलांच्या डोळ्यांवर तेच ठिपके! बाप घरचा काळाच कुत्रा. ओरेस्टच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तडक स्तेफकाच्या दारात.

“कुमा, तुझ्या बुब्लिकनं कुंपण ओलांडलंय!”

“बुब्लिकनं? अरे, त्याला पायरी चढवत नाही, कुंपण कुठलं ओलांडतोय मेला!”

“पिलांची तोंडं बघ जा. बापाचं नाव सांगताहेत.”

“तुझ्याच काळ्याची असतील.”

“काळ्याला काळंच होतं. पुन्हा माझ्या मेंढरांच्या वाऱ्याला दिसला तर गोळी घालीन, सांगून ठेवतो!”

ओरेस्ट बोलला की बोलला, हे तिला पक्कं ठाऊक. ज्यानं आयुष्यात साखळी पाहिली नव्हती, त्या बुब्लिकला तिनं खांबाला बांधलं. तो खाईना. दिवसभर विव्हळायचा आणि तो आवाज ओरेस्टच्या ओट्यापर्यंत यायचा. ओरेस्ट दार लावून घ्यायचा.

शेवटी स्तेफकानंच जनावरांच्या डॉक्टरीणबाई केसलर यांना बोलावलं. “आळ घेतोस ना? मग सोक्षमोक्ष लागू दे एकदाचा.” बाईंनी पिलांच्या, चोर्नाच्या, काळ्याच्या आणि बुब्लिकच्या गालांतून काड्या फिरवून तपासणीला पाठवल्या. ओरेस्ट मिशीत हसत होता. निकाल आपल्याच बाजूनं लागणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

पिलं अंगणात दुडदुडायला लागली तेव्हा बाई परत आल्या.

“बुब्लिकचा काही संबंध नाही, ओरेस्ट. सगळी पिलं तुमच्या काळ्याचीच.”

“मग हे ठिपके काय आभाळातून पडले?”

“काळा रंग ही वरून घेतलेली घोंगडी समजा. चोर्नाकडे एकच, बापाकडेही एकच; कुठल्या पिलाला ती द्यायची, हे नशिबावर. ज्या पिलांना दोघांनीही ती दिली नाही, त्यांचा मूळ चेहरा उघडा पडला.”

“मूळ?”

“तपासणीत तेच दिसतंय. तुमच्या या काळ्या जोडीला घोंगडी नसती तर दोघंही अशीच दिसली असती. वरच्या पिढ्यांत कुठेतरी, फार मागे, असाच चेहरा होता.”

ओरेस्ट खाली बसला. साठ-सत्तर वर्षं आपण काळी तेवढी निवडत आलो, आणि खाली हे बिनबोभाट चालतच आलं! कुणी पाहिलं नाही, कुणी जपलं नाही, तरी आईकडून पोराकडे, पोराकडून पोराकडे. पण चेहरा कुणाचा, ते काही त्याला उमगेना.

ठिपक्यांचं एक पिलू कोटात घालून तो स्तेफकाकडे निघाला. वसंत नावालाच होता, अंगणात अजून बर्फ होतं.

“आलास? बंदूक कुठंय?” ती दारातूनच म्हणाली.

“चुकलो, कुमा.”

“मला नको सांगूस. त्याला सांग.”

ओरेस्ट बुब्लिकपुढे वाकला. साखळीची कडी गोठली होती. ती ओढून काढायला गेला, कडी एकदम सुटली आणि ओरेस्ट पाय घसरून बर्फात उताणा. कोटातलं पिलू बाहेर आलं, छातीवर चढलं आणि त्याच्या तोंडावर वाकलं.

वर पांढरं आभाळ, भोवती पांढरं बर्फ, मधे काळं तोंड, आणि त्यात डोळ्यांवरचे दोन तांबूस ठिपके.

ओरेस्टला आठवलं. वादळात ते काळं तोंड असंच वाकलं होतं, आणि आपण, पाच वर्षांचं पोर, झोप येऊ नये म्हणून या दोन ठिपक्यांकडेच तर बघत राहिलो होतो!

“कुम! लागलं का रे? ऊठ, गारठून मरशील!” स्तेफका धावत आली आणि पिलाला उचलायला वाकली.

“हात लावू नकोस,” ओरेस्ट म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांत ओघळत होतं. “कुमा, वोवचिक काळा नव्हता गं.”