काचेच्या टाकीतली लागवड

मोठ्या भावाने बहादरपूरची केळीची शेती हातात घेतली आणि आप्पा, म्हणजे आमचे वडील, माझ्याकडे बुऱ्हाणपुरात राहायला आले. दिवसभर करायला काही नव्हतं, म्हणून मी दोन फुटी मासेटाकी आणली. तिच्यात झाडं किती लावायची, ते आप्पांवर सोपवलं.

दुकानदाराने पाणवनस्पतींच्या जुड्या पुढे केल्या. "अंकल, शुरूसेच दाट लावा. मोकळी वाळू ठेवली की काई आलीच समजा, हिरवं शेवाळ."

"दाट लावलं की एकही रोप धड पोसत नाही," आप्पा म्हणाले. "केळी लावण्यात जन्म गेला, भाऊ. मला नको शिकवू."

त्यांनी वाळूत वीतभर अंतर सोडून रोपं लावली. ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ होत्या.

हा हट्ट टाकीपुरता नव्हता. पावसाळी लागवड जवळ आली होती. दोन रोपांतलं पाच फुटांचं अंतर दादाला चारवर आणायचं होतं. आप्पांच्या मते त्याने घड आखूड पडणार होते. निदान या लागवडीत तरी आपलं ऐकलं जाईल, अशी त्यांना आशा होती.

काही दिवसांत काचेवर हिरवा थर धरला, मग पानांना शेवाळाचे धागे लोंबू लागले. आप्पा रोज सकाळी जुन्या टूथब्रशने काच घासत. दुसऱ्या दिवशी थर पुन्हा असे.

लागवडीचं बोलायला दादा आला. बसायच्या आधी टाकीपुढे उभा राहिला.

"आप्पा, मासे पाळले की काई?"

"उतरेल."

"कुठून उतरेल? रिकामी जागा सोडली की ती कोणीतरी खातंच. शेतात तुम्ही हेच केलं. अर्धी जमीन जन्मभर हवेला दिली."

"शेतातल्या मोकळ्या जागेत मी निंदणी करतो. इथं पाण्यात खुरपं कुठं चालवू?"

दादा हसला. माझी बायकोही हसली. उत्तर चोख होतं. सगळ्यांनी ते गंमत म्हणून घेतलं.

त्याच दुपारी दादाने दुकानातून जुड्या आणल्या, बाह्या दुमडल्या आणि वाळू दिसेनाशी होईपर्यंत टाकी भरून टाकली. महिन्याभरात पाणी निवळलं. येणारा-जाणारा टाकीपुढे थांबू लागला. दादाने फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. लागवडीचं बोलणं झालंच नाही. शेतात चार फुटांवर खड्डे खोदल्याचं आप्पांना गावाहून आलेल्या एका शेजाऱ्याकडून कळलं. त्यांनी दादाला फोन केला नाही.

पुढच्या वर्षी घड आखूड निघाले.

"या साली हवाच खराब होती," दादा म्हणाला. टाकीचा विषय या वेळी कोणी काढला नाही. पाणी स्वच्छच होतं.

दाट टाकीत झाडं फार वाढतात. दर आठवड्याला छाटावी लागतात. "ते काम आप्पांना द्या, तेवढाच वेळ जाईल," असं दादानेच सुचवलं होतं. आप्पा ते नेमाने करतात. बादली आणतात, चष्मा पुसतात, कात्री पाण्यात घालतात. कापायच्या आधी मात्र घरात जे कोणी असेल त्याच्याकडे वळून विचारतात, "किती काढू?"