प्याला पुढं आला तेव्हा

नवऱ्याची दारू सुटली ती सांगलीत, दवाखान्याच्या कॉटवर. काविळीनं पिवळेधमक झाले होते. शेजारच्या कॉटवरचे ख्रिस्ती काका रोज संध्याकाळी स्वतःबरोबर त्यांच्यासाठीही प्रार्थना करायचे. बरे होऊन आष्ट्याला घरी आले ते प्यायचे थांबले, आणि दर रविवारी चर्चला निघाले. मीही मागोमाग. देव कुणाचा का असेना, माणूस शुद्धीवर आहे ना, एवढंच मी बघत होते. तरी ते घरात शिरले की चहा द्यायच्या निमित्तानं मी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात.

त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढच्या रविवारी पहिलं प्रभुभोजन. भाकरीच्या तुकड्याबरोबर द्राक्षारसाचा एक घोटही देतात हे मला कळलं. एका घोटावर माणूस पुन्हा गुत्त्यावर पोचलेला मी पाहिला होता. शनिवारी एकटीच चर्चच्या पाळकांच्या घरी गेले, भांडायच्याच तयारीनं. पाळक घरी नव्हते. पाळकबाई स्वयंपाकघरात पातेलं ढवळत होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पातेल्यातलं चमचाभर निववून माझ्या तळहातावर ओतलं. कवठे महांकाळचे बेदाणे, भिजवून, उकळून, गाळलेले; उद्याच्या प्याल्यात हेच. नुसतं गोड, दारूचा मागमूस नाही. मी हात चाटला आणि घरी आले.

नवऱ्याला काही सांगितलं नाही. भांडायला गेले होते हे कोणत्या तोंडानं सांगणार?

रविवारी ते पुढं जाऊन गुडघे टेकून बसले. भाकर घेतली. प्याला आला तेव्हा मान खाली घातली आणि हातानंच नको म्हणाले. पाळक प्याला धरून तसेच थांबले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या एका घोटाला हे माझ्याइतकेच भ्याले होते. इतके महिने मी ज्यांची राखण करत होते, ते स्वतःच स्वतःच्या राखणीला बसले होते.

मी बायकांच्या बाजूला होते. तिथंच उभी राहिले आणि म्हणाले, "आवं, घ्या. बेदान्याचं पानी हाय. मी चाखलंय."

सगळी मंडळी हसली, पाळकही हसले. ह्यांनी प्याला ओठाला लावला आणि ते लहान मुलासारखे रडले. मलाही रडू आवरेना. प्रभू, तुझे लय उपकार, असं त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून म्हणाले.

घरी येऊन जेवलो. जरा गावात चक्कर मारून येतो, असं ते म्हणाले. मी बरं म्हटलं आणि आडवी झाले. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि ते ओट्यावर बसले होते. कधी परत आले हे मला ठाऊकच नव्हतं; वास घ्यायचं राहूनच गेलं होतं.