सहाव्या संघाची माती

नाशकात तेव्हा हुतूतूचे पाच संघ होते. प्रत्येक संघ एकेका आळीच्या तालमीचा, आणि कोण कुठल्या तालमीत जाणार हे पाळण्यातच ठरलेलं. मी तांबटांच्या वस्तीतला. दिवसभर पितळेच्या हंड्यांवर ठोके घालायचो आणि संध्याकाळी वस्तादांच्या तालमीत मातीच्या हौदात उतरायचो. आमच्या तालमीत चढाईला माझ्या तोडीचा एकच गडी होता, तो म्हणजे वस्तादांचा मुलगा. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या, आता माझ्याशी वाद घालायला त्यातलं कोणी उरलेलं नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. रेल्वेच्या, छापखान्याच्या, मागाच्या कामाला बाहेरची पुष्कळ माणसं शहरात आली होती. थंडीत सामने सुरू झाले की ती गर्दी करून बघायची. अंगात खेळ होता, पण त्यांना आळी नव्हती, म्हणून तालीम नव्हती, म्हणून संघही नव्हता. दोन-तीन वर्षं कुरबुर झाल्यावर पंचांनी ठरवलं की सहावा संघ घ्यायचा. पाचही तालमींनी आपला एकेक गडी त्याला द्यायचा आणि जुन्या रीतीप्रमाणे आपल्या हौदातली पाटीभर मातीही द्यायची. नव्या तालमीच्या जमिनीत जुन्या तालमींची माती पडल्याशिवाय तिला कोणी तालीम म्हणत नसे. वर एक अट होती. पहिल्या वर्षी एक तरी सामना जिंकायचा, नाहीतर सहावा संघ बंद.

चार तालमींनी जे नको होतं ते दिलं. एकाचा गुडघा कामातून गेलेला, एक भांडकुदळ, एकाला दम कमी, आणि चौथा का दिला ते पहिल्याच दिवशी कळलं, तो सरावाला आलाच नाही. आमचे वस्ताद कोणाला काढतात याच्यावर आम्ही तालमीत पैजा लावत होतो. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"उद्यापासून तू तिकडे."

मला वाटलं चेष्टा करताहेत. वस्ताद चेष्टा करत नसत हे ठाऊक असूनही तसं वाटलं.

"आणि माती?" पंचांकडून आलेल्या माणसाने विचारलं.

"माती नाही. आधी संघ तर होऊ द्या, मग बघू."

मी पागोटं उचललं आणि बाहेर पडलो. त्या तालमीत मी सात-आठ वर्षांचा असताना आलो होतो. वस्तादांच्या पाठीला तेल आणि माती लावायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे होतं, आणि त्या पाठीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मुलाला मोकळं रान मिळावं म्हणून म्हाताऱ्याने मला वाटेला लावलं, असं मी ठरवून टाकलं. राग असा आला होता की दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका चांगल्या हंड्याला ठोकून ठोकून पोचे पाडून ठेवले.

त्यात तालीम सोडलेल्या गड्याला पुन्हा घेण्याची रीत नव्हती. सहावा संघ बुडाला तर बाहेरून आलेले लोक आपापल्या कामाला लागणार होते. आम्ही तालमींनी दिलेले गडी मात्र कुठलेच राहणार नव्हतो. त्या जगात कुठलाच नसणं म्हणजे काय, हे आज समजावून सांगणं अवघड आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारचा विचारायचा, तालीम कुठली? त्याला उत्तर द्यावंच लागायचं.

नदीच्या पंचवटीकडच्या काठाला, भाजीबाजाराच्या मागे, आम्हाला एक तुकडा मिळाला. त्यातले दगड वेचले, चार तालमींची माती कालवली. संघाचा म्होरक्या म्हणून सगळ्यांनी मला पुढे ढकललं. नऊ गडी जमवता जमवता दिवाळी आली. त्यातले दोघे लक्षात ठेवण्यासारखे. एक पेठच्या डोंगराकडून लाकडाच्या वखारीत कामाला आलेला, बोलायला जड, पण ज्याचा पाय त्याच्या हातात सापडला त्याचा खेळ आटोपला. दुसरा मालेगावच्या बाजूचा विणकर, हाडकुळा, खांदे पुढे आलेले. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. पण तो चढाईला गेला की दम संपतच नसे. आमच्यासारखा आरडाओरडा नाही. ओठातल्या ओठात, मागाचा धोटा इकडून तिकडे जावा तसा सारखा आवाज. जवळ गेल्याशिवाय ऐकूही येत नसे.

माणसं वाईट नव्हती, तरी पहिले दोन सामने आम्ही असे हरलो की लोक हसून हसून घरी गेले. कारण सांगितलं तर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. आम्ही मरेस्तोवर एकमेकांचा मान ठेवत होतो. जुन्या तालमीत गडी एकमेकांना अरे-तुरे करतात, आईबापांचा उद्धार करतात आणि एकदम तुटून पडतात. आमच्यात सगळे एकमेकांना परके. पेठकर म्हणे, तुम्ही मोठ्या तालमीचे, पहिला हात तुमचा. गुडघेवाला म्हणे, तुम्ही ताकदीचे, आधी तुम्ही धरा. विणकर तर हात छातीशी नेऊन "आधी आपण" म्हणे. तेवढ्यात समोरचा गडी तिघांना शिवून सुखरूप परत. प्रत्येक तालमीत पकडीला पहिला हात कोणी घालायचा याची रीत निराळी, आणि आमचा प्रत्येक जण दुसऱ्याच्या रीतीची वाट बघत उभा. मी ओरडायचो, "अहो, धरा हो त्याला." शिव्या देतानासुद्धा माझ्या तोंडातलं 'अहो' सुटायचं नाही.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर आम्ही आपापल्या अंगाला माती लावत बसलो होतो. दंड, मांड्या, छाती, ज्याची त्याने. पाठी मात्र सगळ्यांच्या कोरड्या. ज्याच्या पाठीला हात लावायचा तो जवळचा लागतो, आणि आम्ही जवळचे नव्हतो. विणकर उठला, माझ्यामागे येऊन बसला आणि काही न विचारता माझी पाठ रगडायला लागला. मी अवघडलो. त्याचे तळहात खरखरीत होते आणि नेमकं कुठे दुखतंय ते त्याला कळत होतं.

"लय कडक झालीय पाठ," तो म्हणाला. "कुणावर राग धरलाय काय?"

"तुला काय करायचंय?" मी म्हणालो.

तो हसला. मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. त्याचं बघून पेठकर गुडघेवाल्याच्या मागे जाऊन बसला. त्या दिवसापासून पाठी रगडल्याशिवाय आम्ही मैदान सोडत नसू. आठवड्याभरात शिव्याही सुरू झाल्या. पेठकरची पहिली शिवी आम्हाला कोणालाच कळली नाही, पण सगळ्यांना बरं वाटलं.

तिसरा सामना हरलो, पण कोणी हसलं नाही. चौथा एका गुणाने गेला. पाचवा आणि शेवटचा सामना आमच्या मैदानावर, माझ्या जुन्या तालमीशी.

वस्ताद आले आणि पलीकडच्या बाजूला घोंगडीवर बसले. माझ्याकडे पाहिलं नाही. नदीकाठ माणसांनी भरला होता. त्या दिवशी आम्ही खरंच चांगले खेळलो. पेठकरने वस्तादांच्या मुलाला दोनदा बाद केलं, आणि दुसऱ्या वेळी पहिला हात माझा होता, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शेवटी दोन्हीकडे सारखे गुण आणि एकच चढाई उरलेली, आमची. मी विणकराला पाठवलं. दम त्याच्याइतका कोणाकडेच नव्हता.

त्याने कोपऱ्यातल्या गड्याला शिवलं आणि वळला, तोच चौघांनी त्याला घेरून खाली पाडलं. हाडकुळा माणूस, पण वेलीसारखा सरकत निघाला. चौघं अंगावर घेऊन तो मधल्या रेघेकडे सरपटत होता आणि लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते. त्याची बोटं रेघेच्या या बाजूला टेकली. मी हात वर करून नाचलो.

पंचांनी मात्र हात वर केला नाही. त्या गोंगाटात दम ऐकू आला नव्हता. विणकराचा आवाज तसाही कोणाला ऐकू येत नसे. अशा वेळी एकच रीत होती. चढाई करणाऱ्याने मातीवर हात ठेवायचा आणि स्वतः सांगायचं. त्यावर पंचाचाही निकाल चालत नसे.

"दम होता?" पंचांनी विचारलं.

तो गुडघ्यांवर बसला होता, धापा टाकत होता. तळहात मातीवर. 'हो' म्हण, मी मनात म्हणत होतो. एक शब्द, आणि आपण सगळे कुठले तरी झालो.

"नाय," तो म्हणाला. "रेघेच्या आधीच तुटला."

मी होतो तिथेच खाली बसलो. त्याचा राग आला, पंचांचा आला, त्या रीतीचाही आला. मग माझ्या लक्षात आलं की आमच्यातला कोणीच त्याला काही बोलत नाहीये. पेठकर त्याच्याजवळ गेला, त्याला उठवलं आणि त्याच्या पाठीवरची वाळू झटकत राहिला. पंचांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी संघ पाचच. लोक पांगले. वस्तादही घोंगडी उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर जमलो. कशाला, ते कोणालाच माहीत नव्हतं. भाजीबाजाराच्या बोळातून वस्ताद येताना दिसले. डोक्यावर पाटी होती. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःची घोंगडी सोडून काही उचललं नाही, तो पाटी घेऊन एकटा नदी ओलांडून आला होता. मी धावत गेलो, तर त्यांनी मला हात लावू दिला नाही.

"संघ झाला. आता माती कुठे टाकू?" त्यांनी विचारलं.

मी मधली रेघ दाखवली. त्यांनी माती ओतली, पायाने पसरली. आमच्या हौदाची माती, तेल आणि ताक मुरलेली. तो वास मी कुठेही ओळखला असता. आता परत चल म्हणतील, असं मला क्षणभर वाटलं. ते तसं म्हणाले नाहीत.

त्यांनी अंगरखा काढून बाजूला ठेवला, विणकरापुढे पाठ करून मांडी घातली आणि म्हणाले, "लाव माती."

विणकराने माझ्याकडे पाहिलं. ती पाठ कोणाची होती ते त्याला मीच कितीदा सांगितलं होतं. मी मान डोलावली. रडू लपवण्याइतका मी शहाणा नव्हतो, सगळ्यांसमोर रडलो. विणकराने मूठभर माती घेऊन म्हाताऱ्याच्या खांद्यांवर हात ठेवले आणि हळूहळू रगडायला लागला.

मी तेलाची वाटी आणली आणि ती धरून तसाच उभा राहिलो. वस्तादांनी मागे न बघता विचारलं, "तू काय बघत बसलास? त्याची पाठ कोरडी आहे ना?"

मी विणकराच्या मागे बसलो आणि हातावर तेल घेतलं.