आबांची मूठ आणि सांगलीचं मशीन

आठवड्यातून तीनदा एकाच बाकावर बसलं की किस्से आपोआप साठतात. मी बोलतो कमी, त्यामुळे माझ्याकडं जरा जास्तच साठलेत.

माझे वडील, आबा, मिलिटरीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. लकवा मारला आणि उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. तेव्हापासून मी त्यांना इस्लामपूरहून सांगलीला फिजिओथेरपीला नेतो. तिथं रोबोटचा हातमोजा आहे. मोज्याला नळ्या, नळ्यांत हवा. हवा भरली की बोटं उघडतात, काढली की मिटतात.

पहिल्या दिवशी मूठ उघडली. आबा बघतच राहिले.

"कुणाच्या ऑर्डरनं उघडली?"

"मशीनच्या," फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या.

"हात माझा अन् ऑर्डर मशीनची? ह्ये कुठल्या पलटणीत चालतंय?"

*

मॅडमनी विचारलं, "आबा, हात सुधारला की पहिलं काय करायचंय?"

बाकीचे पेशंट जेवायचंय, सही करायचीय असं सांगतात.

"धार काढायची हाय."

आमची म्हैस आबांशिवाय कुणालाच कासेला हात लावू देत नाही. आई जवळ गेली की लाथ मारते. मला तर लांबूनच मारते. सगळं दूध रेडकू पितं. दावणीला दुभती म्हैस आणि चहाला पिशवीचं दूध! आबांना लकव्यापेक्षा हेच जास्त लागलंय.

*

शेजारच्या खुर्चीवर रफिकचाचा असतात. सांगलीतले जुने टेलर, त्यांचाही हात लकव्यानं गेलेला. मोज्याबरोबर स्क्रीनवर गेम असतो. बोटं आवळली की झाडाचं सफरचंद टोपलीत पडतं. चाचांचं एकही पडेना.

"चाचा, मनापासून जोर लावा ना!"

"मॅडम, जन्मात कवा सफरचंद शिवलंय का मी? कात्री दावा, मग बघा!"

*

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. मॅडमनी हार घातला, हळदकुंकू वाहिलं. आबांनी आपला उजवा हात मशीनशेजारी ठेवला.

"ह्यालाबी लावा."

"आबा, आज हत्यारांची पूजा असते," मी हळूच म्हणालो.

"मग? गंजलेल्या विळ्याला आपण कुंकू लावत न्हाई व्हय रं?"

मॅडमनी लावलं. मग चाचांनीही हात पुढं केला.

*

मॅडम शहरातल्या. धार कशी काढतात ते त्यांनी मोबाईलवर बघितलं. मग रबरी हातमोज्यात पाणी भरलं, बोटांना टाचणीनं भोकं पाडली आणि मोजा स्टँडला टांगला. मशीनवरून उठले की आबा त्या मोज्याची धार काढायला बसायचे. आधी नुसते थेंब. एके दिवशी चिळकांडी उडाली, ती थेट चाचांच्या तोंडावर!

चाचांनी शांतपणे तोंड पुसलं.

"सुभेदार, दुधात पाणी लय हाय!"

*

परवा सकाळी आबा कुणाला न सांगता गोठ्यात गेले. चाहूल लागून आई आणि मी मागोमाग गेलो, पण दारातच थांबलो. आबांनी डाव्या हातानं उजवा हात कासेपर्यंत नेला, एकेक बोट सडाभोवती बसवलं. म्हैस हलली नाही. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग चरवीत धार वाजली.

"आली!" आई म्हणाली.

आली खरी, पण मूठ उघडेना! सड मुठीत आणि मूठ गच्च. मी धावलो.

"हात लावू नगंस. मॅडमला फोन लाव."

मी स्पीकरवर लावला आणि झालं ते सांगितलं. ऐकून मॅडम ओरडल्याच, "धार काढलीत? व्वा, आबा! आता हळूच सोडा बघू."

म्हैस रवंथ करत उभी होती. आबांनी तिच्या पोटाला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"थांबा जरा, मॅडम. आमा दोघास्नीबी घाई न्हाई!"