ओव्हरकोटवाला शिपाई

बँकेने बदली करून कोलकात्यात एकटा आणून टाकल्यावर रविवार अंगावर येऊ लागला. म्हणून बोटभर उंचीचे, खेळण्यातले बिनरंगाचे सैनिक आणून रंगवायचं ठरवलं. बेहाला भागातल्या एका दुकानात मी पहिल्याच दिवशी घोड्यावरचा सेनापती मागितला. त्याच्या छातीवर पदकं मावत नव्हती.

"सेनापती नको, दादा," म्हातारे दुकानदार म्हणाले. "हा घ्या." त्यांनी ओव्हरकोटातला शिपाई काढला. हात खिशात, टोपी डोळ्यांवर. "बोटं नाहीत, डोळे नाहीत. नवशिक्याला चुकायला जागा कमी."

आमच्या बँकेतले निम्मे अधिकारी याच गुणांवर वर चढले होते.

ते एका वेळी एकच शिपाई विकत. पूर्ण खोकं मागितलं तर म्हणत, "आधी हा रंगवून दाखवा." रंगवून नेला की चष्मा कपाळावर सरकवून शिपाई नाकाशी धरत, "रंग जाड झाला, पाणी घाला" म्हणत, चहा मागवत आणि तासभर बोलत. पाच-सहा शिपायांनंतर माझ्या लक्षात आलं, की त्या तासात दुसरं गिऱ्हाईक कधीच येत नाही.

तेव्हापासून मीही रंग जाडच लावू लागलो.

परवा नागपूरला बदली झाल्याचं सांगून मी सेनापती मागितला. त्यांनी तो फळीवरून काढला, धूळ फुंकली, बराच वेळ पाहिला आणि परत ठेवून दिला.

"हात अजून बसला नाही तुमचा," असं म्हणत त्यांनी ओव्हरकोटवाला पुढे सरकवला. "हा रंगवून आणा."